एका नावाच्या दोन कळा

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. पहिल्यात बारसं आहे, दुसऱ्यात निंदा. आपल्या रानातल्या झाडाझुडपांची नावं ऐकली की वाटतं, आपल्या पूर्वजांनी ही दोन्ही कामं एकाच बैठकीत उरकली असावीत. कुणाला घाणेरी म्हटलं, कुणाला खाजकुइली. सोनकी किंवा सीतेची आसवं अशी गोड नावं वाट्याला आलेली फुलंही आहेत, नाही असं नाही. पण सह्याद्रीच्या रानातलं जे फूल सौंदर्यात कुणालाही हार जाणार नाही, त्याच्या कपाळी मात्र आपण ‘कळलावी’ हे नाव लिहून ठेवलं. एवढ्या देखण्या फुलाला भांडखोर बाईचं नाव का बरं मिळालं असेल? या प्रश्नाचा पाठपुरावा मी गेली पस्तीसेक वर्षं सवडीनं करतो आहे. उत्तर एकच असेल अशी माझी समजूत होती. निघाली दोन.

श्रावण-भाद्रपदात ताम्हिणीच्या घाटातून, भीमाशंकरच्या वाटेवरून किंवा कोकणातल्या कुठल्याही गडग्याच्या कडेनं गेलात तर कळलावी तुम्हाला दिसेलच. करवंदीच्या जाळीवर, निरगुडीवर, निवडुंगाच्या कुंपणावर ही वेल चढलेली असते. चढण्यासाठी तिची युक्ती मोठी गमतीची आहे. कित्येक वेलींना आधार धरायला वेगळे ताणे फुटतात. हिच्या पानाचं टोकच लांबत जाऊन घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या काटकीला मिठी मारतं. फूल खाली मान घालून उमलतं, पण त्याच्या सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात. कडा लाटांसारख्या दुमडलेल्या. सहा पुंकेसर चहूबाजूंना पंख्यासारखे पसरलेले. रंगाचा तर तमाशाच. कोवळं फूल हिरवट पिवळं असतं, मग बुडाशी पिवळं आणि टोकाला लाल होतं, आणि जुनं होता होता सगळंच लालभडक होऊन जातं. एकाच वेलीवर या तिन्ही अवस्था एका वेळी दिसतात. धुक्यात लांबून पाहिलं तर कुणीतरी हिरव्या जाळीला पलिते लावून ठेवलेत असं वाटतं. संस्कृतात हिला अग्निशिखा म्हणतात ते उगीच नाही.

आणि तरीही गावात शिरा आणि विचारा. कुणी अग्निशिखा म्हणणार नाही. म्हणतील, “ती होय? ती कळलावी. हात नका लावू.”

कळ लावणारी ती कळलावी

नावाची फोड सोपी वाटते. आग लावणारी ती आगलावी, तशी कळ लावणारी ती कळलावी. संस्कृतात ‘कलि’ म्हणजे भांडण. तोच आपल्या ‘कळीच्या नारदा’त येऊन बसला आहे. इकडचं तिकडे करून दोन घरांत वितुष्ट आणणाऱ्या माणसाला आपण कळलाव्या म्हणतो. वेल स्त्रीलिंगी, म्हणून ती कळलावी झाली.

या अर्थाला साजेशा समजुतीही गावोगाव आहेत. हे फूल घरात आणलं की सासू-सुनेचं बिनसतं. भावाभावांत फूट पाडायची असेल तर त्यांच्या घराच्या वळचणीला हिचा तुकडा खोचून यावा. वेलीखालून गेलं तरी त्या दिवशी कुणाशी तरी खटका उडतो. शाळेत जाणारी पोरं एकमेकांच्या दप्तरात हे फूल टाकून मजा पाहत, असंही मी ऐकलं आहे.

पण ‘कळ’ हा मराठीतला मोठा लबाड शब्द आहे. यंत्राची कळ दाबली की ते चालू होतं. कळीचा मुद्दा सापडला की वाद सुटतो. कुणाची तरी कळ काढली की वाद पेटतो, आणि थोडी कळ काढली, म्हणजे दम धरला, की तो विझतोही. दाढ दुखते तेव्हा मस्तकापर्यंत कळ जाते. आणि घरातली सून नऊ महिन्यांची पोटुशी असली की एखाद्या रात्री घरभर धावपळ उडते, कारण तिला कळा सुरू झालेल्या असतात.

कळलावीच्या नावात यांतली नेमकी कुठली कळ आहे? हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. तो मला बँकेच्या काउंटरवर पडला.

पदराखालचं कारण

१९८६ ते ८९ अशी तीन वर्षं मी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका खेड्यात बँकेच्या शाखेत होतो. ते दिवस एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या कर्जांचे होते. म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रं. गावातली निम्मी कर्ती माणसं पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत होती. १९८२च्या संपानंतर त्यांतली बरीचशी गावाकडे परतली होती आणि आता काय करायचं या विवंचनेत होती. अशा एका घरातली पंचविशीतली सून म्हशीच्या कर्जाचा हप्ता भरायला दर महिन्याला शाखेत यायची. हिशेबाला पक्की, बोलायला मोकळी. एका पावसाळ्यात ती दोन महिने आलीच नाही. आली तेव्हा ओळखू येईना. गाल बसलेले, आणि पदर डोक्यावरून असा घट्ट ओढलेला, की कपाळाची एक रेघही दिसू नये. सही करताना पदर जरा सरकला. डोक्यावर केस नव्हते.

शिपायानं मागाहून सांगितलं, “साहेब, त्यांच्या कुंपणावर कळलावी होती. घरात रोज भांडणं. शेवटी तिचीच बाधा झाली बाईला. सासूनं आता वेल उपटून टाकली आहे.”

भांडण आधी होतं की वेल आधी होती, हे गावात कुणी कुणाला विचारलं नाही.

खरी हकिकत मला कळली ती आमच्या सौ.मुळे. गावात एक म्हाताऱ्या सुईणबाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, निम्मं गाव त्यांच्या हातून जन्माला आलेलं. मला लिहिण्याचा नाद असल्यानं मी त्यांच्याकडे गेलो आणि कळलावीचं विचारलं. त्यांनी मला चहा दिला, माझ्या गावाची चौकशी केली आणि मग सरळ सांगून टाकलं, “सायेब, ह्ये तुमच्याशी बोलायचं नाय. वैनीला पाठवा.”

वहिनी गेल्या. दोन तासांनी परत आल्या त्या जरा गप्पच. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाल्या, “अहो, त्या नावात भांडण नाहीच आहे. म्हणजे आहे, पण ते तुम्हा पुरुषांना सांगायला.”

सुईणबाईंचं म्हणणं असं होतं. कळलावी म्हणजे कळा लावणारी. बाळंतपण अडलं, कळा थांबल्या, की पूर्वीच्या सुइणी हिचा कंद उगाळून बाईच्या तळपायांना, बेंबीभोवती लेप देत. मूल झालं रे झालं की तो लेप तत्क्षणी धुऊन काढायचा. एक क्षणही जास्त ठेवायचा नाही. पोटात द्यायचा तर कधीच नाही. त्यांच्या आईनं दिला नाही, त्यांनीही दिला नाही. पोरांना आणि पुरुषांना मात्र सांगायचं, की हिच्यामुळे भांडण लागतं. म्हणजे कुणी कुतूहलानं उपटत नाही, कुणी घरात आणत नाही. लेकीसुनेला वेळ आली की दुसरा अर्थ सांगायचा.

आणि त्या पदरवाल्या सुनेला तीन मुली होत्या. चौथ्यांदा दिवस गेले होते. नवऱ्याला काम नव्हतं. गर्भपाताचा कायदा १९७१ सालीच झाला होता, पण त्या गावातून तालुक्याला जाणारी एसटी दिवसातून दोनदाच होती, आणि कायदाही बहुधा त्याच एसटीची वाट पाहत होता. कुणाकडून तरी तिनं अर्धवट ऐकलं होतं, की कळलावीनं ‘मोकळं’ होता येतं. पोटात घ्यायचं नाही, हा उरलेला अर्धा भाग तिला सांगणारं कुणी नव्हतं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं हे तिचं नशीब.

आज हे लिहिताना वाचकांना बजावून सांगतो. लेपही नको, कंदही नको, यातलं काहीएक कुणी करून पाहू नये. दवाखाने आता जवळ आले आहेत. मी सुईणबाईंचं सांगणं नोंदवतो आहे ते औषध म्हणून नव्हे, एका शब्दाचा अर्थ म्हणून.

नांगर, काटा आणि इंद्र

बदली होऊन पुण्याला आल्यावर ग्रंथालयात बसून मी जुनी नावं गोळा करू लागलो. सुईणबाईंनी सांगितलेला अर्थ पुस्तकांत कुठे सापडतो का, एवढंच पाहायचं होतं. सापडला, आणि चांगला ठसठशीत सापडला.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत ही वनस्पती मुख्यतः लांगली या नावानं येते. लांगल म्हणजे नांगर. आपला ‘नांगर’ हा शब्द त्या ‘लांगल’वरूनच आला आहे. जमिनीखालचा कळलावीचा कंद दोन बाजूंना फाकलेला असतो, थेट नांगराच्या आकाराचा. म्हणून लांगली, म्हणून हलिनी. वर्षभर हा कंद मातीखाली निजून असतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या टोकाला कोंब फुटतो, जुना कंद झिजत जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. दिवाळी उलटली की वर काही उरत नाही. गावकरी म्हणतात वेल मेली. ती मेलेली नसते, खाली नवा नांगर घेऊन पुढच्या आषाढाची वाट पाहत असते.

सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाशात हिची नावंच नावं आहेत. अग्निशिखा आहे. शक्रपुष्पी आहे, म्हणजे इंद्राचं फूल. मराठीत काही भागांत हिला इंदई म्हणतात, तीही या इंद्राचीच नातेवाईक दिसते. विशल्या आहे. शल्य म्हणजे शरीरात रुतलेला काटा किंवा बाण. तो बाहेर काढणारी ती विशल्या. आणि गर्भाशी संबंध सांगणारी नावं आहेत. गर्भनुत् हे त्यांतलं एक, म्हणजे गर्भाला बाहेर ढकलणारी. सुईणबाई शाळेत गेल्या नव्हत्या. भावमिश्रांशी त्यांची गाठ पडण्याचं कारण नव्हतं. पण दोघांची साक्ष जुळते.

याच यादीत कलिहारी हेही नाव आहे, आणि हिंदीत आजही तेच चालतं. त्याची गंमत पाहा. ‘हृ’ या धातूचे अर्थ दोन्ही बाजूंचे आहेत, हरण करणं आणि घेऊन येणं. म्हणजे कलिहारी ही भांडण मिटवणारीही ठरते आणि भांडण घेऊन येणारीही. मराठीनं तो संशयच ठेवला नाही, ‘लावी’ म्हणून मोकळी झाली.

मराठीत आणखी एक नाव आहे, खड्यानाग. खडा, म्हणजे उभा राहिलेला नाग. वाकलेल्या देठावरचं ते उलट्या पाकळ्यांचं फूल फणा काढल्यासारखं दिसतं हे खरंच. पण या नावातही नुसतं रूप नाही, इशारा आहे. रसशास्त्रात लांगलीची गणना उपविषांत होते. रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा ही तिची भावंडं.

विषाचं काम

हे विष काम कसं करतं, हे आता नीट ठाऊक आहे. कळलावीच्या सगळ्या अंगात, आणि विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. १८२० साली पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं, पण ते कळलावीतून नव्हे, तिच्या युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या भाऊबंदातून. त्या नावालाही कथा आहे. काळ्या समुद्राच्या काठावर, आजच्या जॉर्जियात, कोल्किस नावाचा देश होता. ग्रीक पुराणातली विषविद्या जाणणारी मेडिया तिथली राजकन्या. कोल्किसवरून कोल्चिकम, आणि त्यावरून कोल्चिसिन. थोडक्यात, तिकडेही या कुळाचं नाव एका घातकी समजल्या गेलेल्या बाईच्या माहेराशी जाऊन भिडतं!

आपल्या शरीरातल्या पेशी दुभंगून नव्या पेशी तयार होतात. दुभंगताना पेशीच्या आत सूक्ष्म दोऱ्यांची एक चौकट उभी राहते आणि ती दोन्हीकडे सारखी वाटणी करते. कोल्चिसिन ही चौकटच उभी राहू देत नाही. वाटणी अर्ध्यावर थांबते. म्हणून ज्या पेशी सतत नव्या होतात त्यांना पहिला तडाखा बसतो. आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं. पोटात विष गेल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे एकेक अवयव खचत जातो, आणि त्यातून जे वाचतात त्यांचे केस आठवड्या-दोन आठवड्यांत गळू लागतात. हे वाचलं तेव्हा तो घट्ट ओढलेला पदर माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ती बाधा नव्हती. तो पेशींचा हिशेब होता.

श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात हा कंद रताळं समजून खाल्ल्यामुळे माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. याच द्रव्याच्या अगदी बारीक, मोजून दिलेल्या मात्रेनं वातरक्ताच्या, म्हणजे गाउटच्या, रोग्याला आराम पडतो. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही त्याच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीला परवानगी दिली. अर्धा मिलिग्रॅम! सुईणबाईंचं ‘एक क्षणही जास्त नाही’ मला इथे आठवतं.

साहेबाच्या वहीतलं नाव

आता शास्त्रातलं नाव. ग्लोरिओसा सुपर्बा. लॅटिनमध्ये अर्थ साधारण असा, की वैभवशाली आणि दिमाखदार. १७५३ साली लिनियस या स्वीडिश पंडितानं हे नाव पक्कं केलं. त्याआधी युरोपातले वनस्पतिशास्त्रज्ञ हिला मेथोनिका म्हणत. हा शब्द आपल्याकडचाच. मलबारात हिला मेंदोनी म्हणत, त्याचं ते युरोपीय रूप.

मेंदोनी युरोपात पोचली ती ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथातून. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे यानं तो तयार करवला आणि १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. मेंदोनीचं चित्र त्याच्या सातव्या खंडात आहे. या ग्रंथाशी आपलंही नातं आहे. त्यासाठी माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनला राहणारे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ साली दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलेलं आहे. ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात, शिवाजी महाराजांच्या हयातीत, नागरी अक्षरं!

लिनियसला मात्र असली परमुलखातली नावं आवडत नसत. कुळाचं नाव ग्रीक किंवा लॅटिन मुळाचंच हवं, असा दंडक त्यानं १७३७ सालीच घालून दिला होता. त्यामुळे मेथोनिका गेली आणि ग्लोरिओसा आली. शास्त्राला एक नाव लागतं, ते मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट नजरेआड करू नये. लिनियसच्या नावात फूल आहे, त्याचा तोरा आहे. कंद नाही, विष नाही, कळा नाहीत. लांबून पाहणाऱ्यानं दिलेलं नाव ते. जवळ राहणाऱ्याला एवढ्यावर भागत नाही.

बोटं आणि हात

तमिळ लोकांनी हे फूल वेगळ्याच मायेनं सांभाळलं. त्यांचं ते कांदळ. संघकाळातल्या कपिलर या कवीनं कुरिंजिप्पाट्टु या काव्यात डोंगरावरच्या ९९ फुलांची यादी दिली आहे आणि तिची सुरुवातच लाल कांदळापासून होते. स्त्रीच्या नाजूक बोटांना या फुलाची उपमा देणं हा तिथल्या जुन्या कवितेतला संकेतच आहे. मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, त्याचं हे आवडतं फूल. तमिळनाडूनं ते राज्याचं फूल म्हणून निवडलं आहे, जसं आपण ताम्हण निवडलं. तिकडच्या बोलीत मात्र कंदाला ‘कण्वलि किळंगु’ म्हणतात, म्हणजे डोळे दुखवणारा कंद. फुलाकडे टक लावून पाहिलं तर डोळे येतात अशी समजूत आहे. म्हणजे इशारा तिथेही आहेच. काव्यात उपमा, बोलीत इशारा.

करूर, दिंडिगल, तिरुप्पूर या भागांत शेतकरी हिची लागवड करतात. तारेच्या आधारावर वेली चढवतात, रोज सकाळी मजूर हातानं परागीकरण करतात, आणि बिया औषध कंपन्यांकडे जातात. माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला हे वाचून गंमत वाटली. ज्या वेलीला आपण कुंपणावरही ठेवत नाही, तिच्यावर तिथे पीककर्जाचा विचार करता येतो.

पण मग आपल्याकडे माया नव्हतीच का? होती. ती पाहायला भाद्रपदात कोकणात जायला हवं. मी ज्या गावात होतो तिथे गौर आणायची ती तेरड्याची. रानातून तेरड्याचे मुळासकट डहाळे आणायचे, त्यांना साडी नेसवायची, मुखवटा बांधायचा. आणि बाजूला कळलावीची फुलं लावायची. वर्षभर जिला उंबऱ्याच्या आत यायला बंदी, ती गौरीच्या दिवशी पाटावर! मी एका घरात विचारलं, ही कशी चालते? घरातली म्हातारी हसून म्हणाली, “ह्ये गौरीचे हात.”

फुलाकडे पुन्हा नीट पाहिलं. पसरलेले सहा केसर, वर वळलेल्या पाकळ्या. खरोखरच बोटं पसरलेला हात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ कवींना जे दिसलं तेच या रायगडातल्या म्हातारीला दिसलं होतं. आणि मला वाटतं, तिला त्याहून थोडं जास्त दिसलं होतं. गौर ही माहेरवाशीण. माहेरी लेक येते ती विश्रांतीला येते, आणि पूर्वी बाळंतपणालाही येई. अडलेल्या बाईला सोडवणारा हात गौरीच्या अंगाला लावायचा, यात मला तरी विसंगती दिसत नाही. आरास बायकाच करत, फुलंही त्याच आणत, आणि गौर निघाली की तिच्याबरोबर तीही पाण्यात जात. घरात उरत नसत.

म्हणून मी आता कुणी विचारलं की भांडण की कळा, तर दोन्ही म्हणतो. दोन अर्थांतला एक खरा आणि एक खोटा, असं नाहीच. भांडणाचा अर्थ हे कुंपण होतं, कळांचा अर्थ ही त्या कुंपणाची किल्ली होती. एक अर्थ सगळ्यांना सांगायचा, दुसरा ज्याची गरज त्यालाच. सुइणी गेल्या तशी किल्ली हरवली. कुंपण तेवढं उरलं, आणि त्याचा उपयोग लोक घरातल्या खऱ्या भांडणांचं खापर एका मुक्या वेलीवर फोडायला करू लागले.

आता कुंपणही चाललं आहे. मागच्या पावसाळ्यात पुण्यात एका रोपवाटिकेत कुंडीत वाढवलेली कळलावी पाहिली. पाटी होती ‘ग्लोरी लिली’. मी विक्रेत्याला म्हटलं, “ही कळलावी ना?” तो हळूच म्हणाला, “काका, ते नाव लिहिलं तर कोण घेईल?” त्याचं व्यवहाराला धरून बरोबर होतं. पण शेजारीच एक तरुण जोडपं पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तीच कुंडी निरखत होतं, आणि मुलाचा हात शेंगेकडे चालला होता. पिकलेल्या शेंगेत लालचुटूक बिया असतात. मुलांना त्या डाळिंबाच्या दाण्यांसारख्या वाटू शकतात. मी त्या दोघांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जास्वंद घेऊन गेले. विक्रेता माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या दृष्टीनं त्या दिवशी खरा कळलाव्या मीच!

अग्निशिखा म्हणा, ग्लोरी लिली म्हणा, फूल तेच आणि विषही तेच. रानात दिसली तर थांबून डोळे भरून पाहा, फोटो काढा, उपटू नका. पावसाळ्याच्या शेवटी तिला तिचा नांगर तयार करू द्या. हौसेनं गच्चीत लावायचीच असेल तर लहान मुलं आणि कुत्री-मांजरं पोचणार नाहीत अशी लावा, कंद हाताळताना हातमोजे घाला, आणि पाटीवर नाव मात्र जुनंच लिहा. कुणी विचारलं तर दोन्ही अर्थ सांगा, मुलीलाही आणि मुलालाही. तिच्यामुळे घरात भांडण होणार नाही. झालंच, तर त्याचं कारण वेलीवर शोधू नका, घरातच कुठेतरी सापडेल.